खुलासा: उपवासकाळात पाणीही वर्ज्य नाही

नाशिकरोड परिसरातल्या ख्रिस्ती ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीसही दिवस प्रत्येक कॅथलिकाने सूर्यास्तापर्यंत निर्जळी उपवास करावा, नाहीतर ईस्टरला ख्रिस्तशरीर घेता येणार नाही.’ हे खरं नाही. (भस्म बुधवार म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस; ख्रिस्तशरीर म्हणजे चर्चमधल्या उपासनेत मिळणारी पवित्र भाकर.)

१९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेतले नियम १२५१ आणि १२५२ बघा. उपवास बंधनकारक आहे तो फक्त भस्म बुधवारी आणि गुड फ्रायडेला. तोही १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडं खाणं चालतं. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झालेल्यांना लागू होतो, मासे चालतात. चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, म्हणून कॅलेंडरवर भस्म बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, ४६ दिवस दिसतात.

ख्रिस्तशरीर घेण्याआधी तासभर काही खायचं नसतं, पण पाणी आणि औषध तेव्हाही चालतं; वृद्ध आणि आजारी माणसांना तर तेवढंही बंधन नाही (नियम ९१९). मधुमेहाच्या आजीआजोबांनी हा मेसेज वाचून गोळी चुकवली तर काय होईल, याची मला खरंच धास्ती वाटते.

स्वखुशीने जास्त उपवास करणाऱ्यांनी जरूर करावा. हा मेसेज मात्र पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवा आणि शंका असेल तर आपल्या धर्मगुरूंना विचारा.