तीनचाकी बाबागाडी आणि तो फिरता मेसेज

गेल्या महिनाभरात तो मेसेज मला चार ठिकाणांहून आला. आधी सासरच्या ग्रुपवर, मग सोसायटीच्या, मग शाळेतल्या मैत्रिणींच्या, आणि शेवटी आईकडून, "हे वाचलंस का गं?" एवढ्या एका ओळीसह. मजकूर थोडक्यात असा: तीन चाकांची बाबागाडी चुकूनही घेऊ नका. ती रिक्षासारखी कलंडते. परदेशात अपघात झाल्यामुळे तिकडे तिच्यावर बंदी आली आणि तोच माल आता आपल्याकडे खपवतात. पुढचं एकटं चाक खड्ड्यात अडकतं. चाकांत हवा भरायचा ताप वेगळाच. मुळात ती पळायला जाणाऱ्या लोकांसाठी आहे, आपल्याकडे बाळाला घेऊन कोण पळतंय? डोळे मिटून चार चाकांची घ्या. खाली जोडलेले हात आणि "प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा".

माझ्याकडे तीनचाकी दीड वर्ष होती. आयर्लंडहून परतलेल्या मावसबहिणीने दिलेली, बारा किलोची. शेवटी मी तिचा वापर सोडला, पण मेसेजात दिलेल्या एकाही कारणासाठी नाही. म्हणून हा खटाटोप.

सुरुवातीलाच एक गोष्ट. मेसेजसोबतचा फोटो मोठा करून बघा. ती बाबागाडी नाहीच. ती मागे दांडी आणि वर छत लावलेली लहान मुलांची सायकल आहे, पुढच्या चाकाला पॅडल असलेली, खेळण्यांच्या दुकानात मिळते ती. अरुंद, उंच, प्लॅस्टिकच्या चाकांची. ती कलंडते, मान्य. पण तिचं पाप बाबागाडीच्या माथी का?

"रिक्षासारखी कलंडते"

या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, त्यामुळे नीट बघू. तीन चाकं जिथे टेकतात तिथे जमिनीवर त्रिकोण होतो, चार चाकांचा चौकोन होतो. गाडीचं वजन ज्या बिंदूवर तोललं जातं तो या आकाराच्या आत आहे तोवर गाडी उभी. त्रिकोण पुढे निमुळता होतो, म्हणून वजन जितकं पुढे तितकी कडेची जागा कमी. रिक्षात नेमकं हेच होतं: वेगात वळताना ब्रेक दाबला की भार निमुळत्या बाजूला जातो आणि मागचं एक चाक उचललं जातं.

मी एका रविवारी टेप आणि बाथरूममधला वजनकाटा घेऊन बसले. (नवऱ्याने याचा व्हिडिओ काढला आहे, तो मात्र कुठेही फॉरवर्ड झालेला नाही.) मागच्या चाकांत अंतर ६० सेंटिमीटर, मागच्या आसापासून पुढचं चाक ७५ सेंटिमीटरवर. बाळ बसवलं आणि पुढचं चाक काट्यावर ठेवलं. एकूण २१ किलोपैकी ७ किलो पुढे आले. म्हणजे भार मागच्या आसापासून २५ सेंटिमीटरवर, आणि तिथे त्रिकोणाची रुंदी ४०. दोन्ही कडांना वीस-वीस सेंटिमीटर. भाराची उंची अंदाजे ५० सेंटिमीटर धरली, तर जमीन एका बाजूला साधारण २२ अंश कलल्याशिवाय गाडी आडवी होत नाही. मागे ५० सेंटिमीटर रुंद असलेल्या चौकोनी चारचाकीला हाच आकडा २६च्या आसपास येतो. फरक आहेच. पण युरोपातल्या मानकात गाडी १२ अंशांच्या उतारावर ठेवून तोल तपासतात, आणि २२ अंशांचा आडवा उतार फूटपाथवर आलाच तर आपण स्वतःही त्यावर नीट उभे राहू शकत नाही.

वळणाचंही तसंच. ताशी ५ किलोमीटरने झपाझप चालत एक मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर गाडी उलटायला लागणाऱ्या जोराच्या निम्माच जोर पडतो. तेच ताशी १० किलोमीटरने धावत दोन मीटरच्या वळणावर घेतलं, तर मात्र आपण अगदी काठावर असतो. चालणाऱ्या माणसाला रिक्षाची भीती घालणं म्हणूनच पटत नाही. रिक्षा कोणी ढकलत नेत नाही.

गाडी उलटल्याचं मी स्वतः एकदाच पाहिलं, तेही माझ्याच गाडीचं, मंडईच्या बाहेर. दांडीला एका बाजूला पाच किलो कांदे-बटाटे, दुसऱ्या बाजूला डायपरची बॅग आणि दोन दुधाच्या पिशव्या. लेक रडायला लागली म्हणून पट्टा सोडून तिला कडेवर घेतलं, आणि गाडी शांतपणे मागे बसली, म्हैस बसते तशी. दूध रस्त्यावर. कडेला नाही, मागे. बाळ आत असताना माझ्या गाडीला पंधरा किलोपर्यंतची पिशवी चालली असती. बाळ काढल्यावर सातच. आणि छत्रीसारखी मिटणारी सहा किलोची चारचाकी असेल तर रिकामेपणी तीन-साडेतीन किलो पुरतात. चार चाकांनी इथे काहीच वाचत नाही, उलट हलक्या गाडीत हे लवकर घडतं. सामान खालच्या टोपलीत ठेवा, दांडीला नको.

"परदेशात बंदी आली"

नाही आली. अमेरिकेत बाबागाड्यांसाठी सक्तीचा नियम २०१४ साली झाला, तो धावताना ढकलायच्या तीनचाकीसकट सगळ्या गाड्यांना लागू आहे. युरोपात ईएन १८८८ हे मानक आहे. दोन्हीकडे तीनचाकी राजरोस विकल्या जातात.

मेसेजच्या एका आवृत्तीत रेल्वे फलाटावरचा व्हिडिओ जोडलेला असतो. तो खरा आहे. ऑक्टोबर २००९, मेलबर्नचं अ‍ॅशबर्टन स्टेशन. आईचा हात क्षणभर सुटतो, तीनचाकी गाडी फलाटावरून घरंगळत रुळांवर जाते आणि समोरून रेल्वेगाडी येते. बघवत नाही. सहा महिन्यांचं ते बाळ डोक्याला टेंगूळ येण्यावर बचावलं, हे मेसेजात कोणी लिहीत नाही. पण पुन्हा बघाच तो व्हिडिओ (मन घट्ट करून): गाडी फलाटावर उलटत नाही, घरंगळते. ब्रेक लावलेला नसेल आणि जमीन उतरती असेल तर सहा चाकांचीही घरंगळेल. मोठ्या, बेअरिंग असलेल्या चाकांची गाडी जास्त सहज निसटते, एवढं मात्र मी कबूल करते. ऑस्ट्रेलियात २००८ पासून बाबागाडीला मनगटात अडकवायचा पट्टा आणि लाल रंगाचा ब्रेक सक्तीचा आहे. नियम चाकांच्या संख्येबद्दल नाही, हात सुटण्याबद्दल आहे. आपल्याकडे दुकानात बहुतेक वेळा पट्टा नसतोच. मी जुन्या ओढणीचा करून घेतला होता.

"पुढचं एकटं चाक खड्ड्यात अडकतं"

इथे मेसेज लिहिणारा अर्धा बरोबर आहे, आणि कुठला अर्धा हे त्याला ठाऊक नाही.

अडकणं हे चाकाच्या आकारावर आहे. समोर तीन सेंटिमीटरची पायरी आली, म्हणजे उखडलेला पेव्हर ब्लॉक किंवा गटाराच्या झाकणाची कड, तर १५ सेंटिमीटर व्यासाचं चाक वर चढवायला त्या चाकावरच्या भाराच्या १.३३ पट जोर लागतो. ३० सेंटिमीटरच्या चाकाला पाऊणपट. म्हणजे जवळजवळ निम्मा. तीनचाकीचं पुढचं चाक बहुधा मोठं असतं, म्हणून ती पुण्याच्या फूटपाथवर चढते आणि छोट्या जोडचाकांची गाडी तिथेच धक्का खाऊन थांबते. शिवाय दोनपैकी एकच चाक अडकलं की चारचाकी आडवी फिरते. एकट्या चाकाला ती भानगड नाही.

पण रिक्षावाल्याला विचारा, तो खरी अडचण सांगेल. चारचाकीच्या दोन रांगा, तीनचाकीच्या तीन. मोटारवाला खड्डा दोन्ही चाकांच्या मधून घालवतो. रिक्षावाल्याचं मधलं चाक त्यात जातंच. बाबागाडीलाही हा नियम चुकत नाही. पायऱ्यांवर दोन फळ्या टाकून केलेल्या उतारावर तर तीनचाकी जातच नाही.

"हवा भरायचा ताप"

आहे. महिन्यातून एकदा. माझ्या गाडीचा व्हॉल्व्ह मोटारीसारखा होता, आपल्या साध्या सायकल पंपाचं तोंड त्याला बसेना. पेट्रोल पंपावर हवा भरायची, पण टायरच्या कडेला छापलेल्या आकड्यापुढे जाऊ द्यायचं नाही. हे नको असेल तर फोमच्या टायरची तीनचाकी मिळते. विषय संपला.

"ती पळणाऱ्यांसाठी आहे"

उगम तसाच आहे. अमेरिकेत याकिमा इथे फिल बेकलर नावाच्या पळायची आवड असलेल्या पत्रकाराने बाळाच्या गाडीला सायकलची चाकं लावली आणि १९८०च्या दशकात त्यातून अशा गाड्यांचा धंदा उभा राहिला. पण पळायची गाडी आणि नुसती तीन चाकांची गाडी यांत फरक आहे. पहिलीचं पुढचं चाक सरळ अडकवून ठेवता येतं, वळायचं तर दांडी दाबून नाक उचलायचं. दुसरीचं चाक गिरकी घेतं, ते अडकवता येत नसेल तर धावताना लटलट करायला लागतं. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत, काही कंपन्यांच्या पुस्तिकेत आठ, पळायचं नाही, कारण मान धरलेली असली तरी धक्के सोसण्याइतकी घट्ट नसते. चालायला मात्र कुठलीही चालते. न धावणाऱ्याने ती घेऊ नये, हे म्हणजे गिर्यारोहक नसलेल्याने बूट घालू नयेत म्हणण्यासारखं झालं.

आणि आता जो मुद्दा मेसेजात असायला हवा होता आणि नाही. पुढे एकच चाक असल्याने ते निघालं की सगळंच निघालं. चारचाकीचं पुढचं एक चाक गेलं तर गाडी लंगडते. तीनचाकीचा पुढचा दांडा जमिनीत रुततो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१८ साली एका कंपनीविरुद्ध दावा लावला, तो झटकन काढता येणारं पुढचं चाक वापरताना निखळतं म्हणूनच. मोटारीच्या डिकीत ठेवायला चाक काढलंत, परत लावलंत, की हाताने जोरात ओढून बघा. मी दर वेळी ओढायचे.

"डोळे मिटून चार चाकांची घ्या"

छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी १९६५ मध्ये ओवेन मॅकलारेन या विमान अभियंत्याने केली. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेला माणूस. पहिली गाडी तीन किलोचीही नव्हती. चार कोपऱ्यांत चाकं, हुशार कल्पना. आणि त्याच नावाच्या कंपनीला २००९ साली अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांसाठी बिजागरीची आवरणं वाटावी लागली, कारण गाडी उघडताना मुलांच्या बोटांची टोकं बिजागरीत कापली जात होती. चाकं चारच होती. डोळे मिटले असते तर बोट दिसलं नसतं.

मी माझी गाडी का सोडली ते राहिलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. बारा किलो गाडी आणि नऊ किलो लेक. लेक अकरा किलोची झाली त्या आठवड्यात मी हलकी चारचाकी आणली. तीनचाकी नणंदेकडे गेली, तिचं घर तळमजल्यावर आहे, समोर मुरुमाचा रस्ता. परवा तिने फोन करून एकच विचारलं, हवा किती भरायची.