‘अंडर द ब्रिज’ हे नशेत लिहिलेले गाणे नाही

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने मला एक फिरता मजकूर पाठवला आणि खाली विचारले, “मावशी, हे खरे आहे का?” तो १९ वर्षांचा आहे, गिटार वाजवतो, आणि गेले दोन महिने ‘अंडर द ब्रिज’ या गाण्याची सुरुवात बोटांत बसवण्याचा प्रयत्न करतो आहे. मजकुरात लिहिले होते ते असे: रेड हॉट चिली पेपर्स या अमेरिकन रॉक बँडचा गायक अँथनी कीडिस याने हे गाणे लॉस एंजेलिसमधील एका पुलाखाली बसून, हेरॉइनच्या अमलाखाली, एका रात्रीत लिहिले, तो पूल मॅकआर्थर पार्कमधला आहे, गाणे प्रेमभंगाचे आहे, ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, गिटारवादक जॉन फ्रुशांतेही नशेतच सर्वोत्तम वाजवत असे, आणि म्हणून, नशेला घाबरणाऱ्याच्या हातून खरे संगीत घडत नाही. शेवटचे वाक्य ठळक अक्षरांत होते. ते वाक्य नसते तर मी हे लिहायला बसले नसते.

पहिला दावा सर्वांत खोटा आहे आणि सर्वांत घातकही आहे, म्हणून त्याच्यापाशी थांबते. कीडिसने २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्कार टिश्यू’ या आत्मचरित्रात या गाण्याची जन्मकथा स्वतः सांगितली आहे, आणि ती या मजकुराच्या नेमकी उलट आहे. जून १९८८ मध्ये बँडचा मूळ गिटारवादक आणि कीडिसचा शाळेपासूनचा मित्र हिलेल स्लोव्हाक हेरॉइनच्या अतिसेवनाने वारला. तो अवघा २६ वर्षांचा होता. कीडिस मित्राच्या अंत्यविधीलाही गेला नाही, मेक्सिकोला निघून गेला. मित्रांचे मरण पाहत बसायचे नाही म्हणून ड्रमवादक जॅक आयर्न्सने बँड सोडला. त्यानंतर कीडिस उपचारांसाठी दाखल झाला आणि १ ऑगस्ट १९८८ पासून त्याने व्यसन सोडले. ज्या अल्बममध्ये हे गाणे आहे, तो ‘ब्लड शुगर सेक्स मॅजिक’, २४ सप्टेंबर १९९१ रोजी आला. गाण्याचे शब्द त्या अल्बमच्या तालमींच्या काळातले आहेत. म्हणजे ते सुचले तेव्हा हा माणूस दोन वर्षांहून अधिक काळ नशेपासून दूर होता.

मग संकट कोणते होते? बँडमध्ये नव्याने आलेला, वयाने बराच लहान असलेला फ्रुशांते आणि बासवादक फ्ली यांची तेव्हा घट्ट मैत्री जमली होती, ते दोघे मिळून गांजा ओढत, आणि नशा सोडलेल्या कीडिसला त्या जवळिकीत जागा उरली नव्हती. एके दिवशी तालमीहून एकटाच गाडी चालवत घरी जाताना त्याच्या मनात आले की मित्र दुरावले, सोबत कोणी नाही, हिलेल तर गेलाच. आता आपल्याला ओळखणारे उरले आहे ते हे शहर. त्याच वेळी त्याला हेरॉइनसाठी एका पुलाखाली जायचे ते जुने दिवस आठवले, आणि आजचा एकटेपणा कितीही बोचत असला तरी त्या दिवसांपेक्षा तो हजारपट बरा आहे हेही जाणवले. गाडीतच तो गुणगुणू लागला. गाण्याच्या ध्रुवपदात हेच आहे: त्या दिवशी जे वाटले ते पुन्हा कधीही वाटू नये. ज्याला इतके साधे शब्द ऐकू आले नाहीत, त्याने या गाण्यावर मजकूर लिहून तरुण मुलांमध्ये पसरवावा, याचा मला राग येतो. ज्या माणसाने नशा सोडण्याची किंमत मोजताना हे गाणे लिहिले, त्याच्याच नावाने नशेची जाहिरात केली जात आहे.

आता जे खरे आहे ते मान्य करायला हवे. पूल होता. १९८०च्या दशकात, व्यसनाच्या ऐन भरात, कीडिस लॉस एंजेलिसच्या मध्यभागातील एका पुलाखाली हेरॉइनसाठी जात असे. ती जागा एका टोळीच्या ताब्यात होती, आणि टोळीतल्या एकाच्या बहिणीशी आपले लग्न ठरल्याची थाप मारून त्याला आत प्रवेश मिळवावा लागला होता. गाण्याच्या अखेरच्या भागात ती जागा येते, पण ती गमावलेल्या गोष्टींची जागा म्हणून येते. भूतकाळाशिवाय हे गाणे झाले नसते, एवढे मी कबूल करते. आणखी एक कबुली द्यावी लागते: कीडिसचा तो संयम कायमचा टिकला नाही. १९९४ च्या सुमारास, दाढ काढताना दिलेल्या औषधानंतर, तो पुन्हा व्यसनात गेला आणि २००० च्या डिसेंबरपर्यंत पडत-उठत राहिला. पण ‘अंडर द ब्रिज’ त्या काळातले नाही.

‘एका रात्रीत’ हेही चुकीचे आहे. ती एक कविता होती, आणि कीडिसला ती बँडसाठी फार हळवी वाटत असल्याने वहीतच पडून राहिली होती. निर्माता रिक रुबिन याला ती वही चाळताना सापडली आणि त्याने ती सहकाऱ्यांना म्हणून दाखवण्याचा आग्रह धरला. कीडिसने संकोचत, घाबरत ती म्हटली आणि फ्रुशांते व ड्रमवादक चॅड स्मिथ लगेच आपापल्या वाद्यांकडे वळले. शब्द इतके उदास आहेत तर स्वर थोडे उजळ असावेत, असा विचार फ्रुशांतेने केला होता. माझा भाचा ज्या ‘डी’ आणि ‘एफ शार्प’ या दोन कॉर्डांवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांवर) अडतो, त्यांच्यात तो उजेड स्पष्ट ऐकू येतो. शेवटच्या समूहस्वरांत फ्रुशांतेची आईही गायली आहे.

फ्रुशांतेविषयीचा दावा अर्धा खरा आहे, त्या दिवसांत तो गांजा ओढत होता. परंतु मजकुरात पुढची हकीकत गाळली आहे. मे १९९२ मध्ये, जपानच्या दौऱ्यात, त्याने बँड सोडला आणि पुढची काही वर्षे तो हेरॉइनच्या इतका आहारी गेला की दात गेले, हातांवर जखमांचे व्रण राहिले, घर जळाले आणि तो मरता मरता वाचला. १९९८ मध्ये उपचार घेऊन तो परतला, आणि त्यानंतर १९९९ चा ‘कॅलिफोर्निकेशन’ हा अल्बम आला. नशेमुळे वादन उंचावते असे म्हणणाऱ्याने या वर्षांचा हिशेब द्यायला हवा.

उरलेले थोडक्यात. प्रेमभंगाचा या गाण्याशी संबंध नाही. त्यात जिव्हाळा आहे तो शहराविषयी. मॅकआर्थर पार्क हा इतरांचा तर्क आहे. लोकांनी ती जागा शोधत फिरू नये म्हणून कीडिसने तिचा पत्ता सांगणे टाळले आहे. अमेरिकेत गाण्यांची लोकप्रियता मोजणाऱ्या बिलबोर्ड यादीत गाणे १९९२ मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले, पहिल्या नव्हे. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली ती १९९८ मधली ‘ऑल सेंट्स’ या गटाची आवृत्ती, आणि त्यांनी तर व्यसनाचा उल्लेख असलेला शेवटचा भागच गाळला होता.

भाच्याला मी ‘स्कार टिश्यू’ची माझी प्रत दिली आहे, हिलेलच्या मृत्यूच्या प्रकरणापाशी खूण घालून. त्याला हा मजकूर ज्या मित्राकडून आला, त्यानेही ते प्रकरण वाचावे असे मी त्याच्यामार्फत कळवले आहे.