मधली भिंत कोणाची?

अभिनंदन! तुम्ही आणि तुमचा चित्रकार मित्र, दोघं मिळून प्रदर्शन भरवणार असं ऐकलं. तुम्ही तीन केसांच्या ब्रशने म्हाताऱ्याच्या हातावरची शीर न् शीर रंगवणारे, आणि तो कॅनव्हास जमिनीवर पसरून लांबूनच रंग फेकणारा. तुमचं एक चित्र होईतो त्याची अकरा होतात आणि त्यातली नऊ तुमच्या मते अजून सुरूच झालेली नसतात. त्याचं मत असं, की तुम्हाला कोणीतरी वेळेवर कॅमेरा घेऊन द्यायला हवा होता. एकमेकांबद्दल एवढा जिव्हाळा असताना तुम्ही वेगवेगळी प्रदर्शनं भरवणं म्हणजे रसिकांवर अन्यायच झाला असता.

चित्रांची घाई करू नका, आधी नाव ठरवा. 'दोन ध्रुव', 'संगम', 'द्वंद्व' वगैरे चालतील, पण माझं मत 'संवाद'ला. प्रदर्शनाचं नावच 'संवाद' असलं की एकमेकांशी बोलायची वेगळी गरज राहत नाही. बाकीचं निवेदन लिहिणारा बघून घेतो. 'दोन भिन्न दृश्यभाषांमधला अव्यक्त तणाव' हे वाक्य त्याच्याकडे तयारच असतं, फक्त चित्रकारांची नावं बदलायची. तणाव अव्यक्त वगैरे काही नाही, हे त्यालाही ठाऊक असतं.

मग प्रश्न येतो, एकत्र काम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? इथे काही भाबडे लोक रूबेन्स आणि थोरला यान ब्रुगेल या सतराव्या शतकातल्या दोन चित्रकारांचं उदाहरण देतील. त्यांच्या नादी लागू नका. या दोघांनी मिळून दोनेक डझन चित्रं केली. 1615च्या सुमाराची त्यांची एडनची बाग आज हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. त्यात आदम, ईव्ह, घोडा आणि साप रूबेन्सचे, आणि पानापानांत दडलेले पक्षी, झाडं, माकडं असला बारीक नजरेचा सगळा पसारा ब्रुगेलचा. एकाचा हात लोण्यासारखा सैल, दुसऱ्याचा सोनारासारखा, तरी एकाच फळीवर दोघे गुण्यागोविंदाने नांदतात. सह्या मात्र बघा. रूबेन्सच्या सहीत लिहिलंय की आकृती त्याच्या. ब्रुगेलने दुसऱ्या कोपऱ्यात सरळ 'केलं' एवढंच लिहून टाकलंय. चित्राची मांडणी त्याची, तेव्हा हक्कही त्याचाच, आणि रूबेन्ससारख्या बड्या माणसाने ते चालवून घेतलं. असली माणसं तुमच्या काय कामाची? तुम्ही सहीच्या आकारावरून तीन दिवस अबोला धरलेली माणसं.

तुमच्यासाठी आदर्श म्हणजे टर्नर आणि कॉन्स्टेबल हे दोन इंग्रज निसर्गचित्रकार. त्यांनी जोडप्रदर्शन भरवलं नव्हतं, पण 1832 साली लंडनच्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात दोघांची चित्रं शेजारीशेजारी लागली आणि त्यातून पुढच्या सगळ्या जोडप्रदर्शनांना पुरेल एवढा धडा मिळाला. कॉन्स्टेबलचं चित्र वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचं. दहा वर्षांहून जास्त काळ तो त्यावर घासत होता. झेंडे, नावा, गर्दी, लाल-सोनेरी नुसता झगमगाट. शेजारी टर्नरचा करडा समुद्र, थंड आणि गप्प. प्रदर्शन उघडण्याआधी चित्रकारांना भिंतीवरच्या चित्रांवर शेवटचा हात फिरवायला काही दिवस मिळत. कॉन्स्टेबल आपल्या नावांना शेंदरी रंगाचे आणखी ठिपके देत बसला होता. टर्नर आला, त्याच्या मागे उभा राहिला, एकदा त्या चित्राकडे, एकदा स्वतःच्या चित्राकडे पाहिलं, आणि आपल्या करड्या पाण्यावर नाण्याएवढा लाल रंगाचा एक गोळा ठेवून चालता झाला. बस्स. शेजारचा सगळा झगमगाट एकदम फिका पडला. कॉन्स्टेबल म्हणाला, टर्नर इथे येऊन बंदूक झाडून गेला. एक-दोन दिवसांनी टर्नर परत आला आणि त्या गोळ्याला आकार देऊन त्याचा तरंगता बोया केला.

यातून घ्यायचा बोध असा, की आपलं चित्र कधीही आधी पूर्ण करू नका. मित्राची सगळी चित्रं भिंतीवर चढेपर्यंत खिशात लाल रंगाची ट्यूब ठेवून हिंडा. (टर्नरने शेजारचं चित्र आधी नीट पाहिलं आणि मगच रंग लावला, ही बारीकशी गोष्ट विसरून जा. मित्राचं चित्र एवढं लक्ष देऊन बघायची सवय लागली तर प्रदर्शन खरोखरच दोघांचं होऊन बसेल.)

आता भिंत. खरं प्रदर्शन इथेच असतं. अशा एका प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मी मोजपट्टीचं दुसरं टोक धरून उभा होतो, म्हणून सांगतो. दालनात शिरल्या शिरल्या समोर जी भिंत दिसते तिला सगळे 'मधली भिंत' म्हणतात, आणि तीवर दोघांचाही जन्मसिद्ध हक्क असतो. वास्तववादी म्हणाला, "माझं काम बारीक आहे, लोकांना जवळ जाऊन बघायला उजेड लागतो." अमूर्तवाला म्हणाला, "माझं काम मोठं आहे, लोकांना मागे सरकायला जागा लागते." दोघांचंही खरं होतं, म्हणून तर वाद मिटेना. शेवटी भिंतीच्या बरोबर मध्यावर पेन्सिलीने उभी रेघ मारली. अलीकडे एक, पलीकडे दुसरा. मग चित्रांच्या उंचीवरून जुंपली. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 150 सेंटीमीटरवर, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यावा, असा रिवाज. पण एकाचं चित्र वहीएवढं आणि दुसऱ्याचं दरवाजाएवढं. मध्य एका रेषेत आणले तर वरच्या कडा जुळत नाहीत, वरच्या कडा जुळवल्या तर वहीएवढं चित्र छताला टेकतं. रात्री दीडला पाणसळ लावून पाहिली तर दोन्ही चित्रं सरळ होती, तिरकी होती ती पेन्सिलीची रेघ. ती खोडायला कोणी तयार होईना. प्रदर्शनभर ती तशीच राहिली, आणि एका गृहस्थांनी तिच्यासमोर उभं राहून बराच वेळ मान डोलावलेली मी पाहिली.

अमूर्तवाल्या मित्राचं चित्र वरचं खाली लागलं तर गप्प राहा. 1961 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात फ्रेंच चित्रकार मातिसची 'नौका' तब्बल 47 दिवस उलटी टांगलेली होती आणि हजारो माणसं ती बघून गेली. चूक लक्षात आली ती एका प्रेक्षक बाईंच्या. मित्र स्वतःच ओळखतो का, हे बघायला किती दिवस लागतात ते मोजा. तुमची चित्रं उलटी लागायची सोय नाही, हे मात्र तो प्रत्येक वेळी तुमचा दोष म्हणून सांगेल.

एकाच कॅनव्हासवर दोघांनी रंगवायचा मोह होईल, तोही पुरवून घ्या. अँडी वॉरहॉल आणि जाँ-मिशेल बास्किया या अमेरिकन चित्रकारांनी तेच केलं. वॉरहॉल कंपन्यांची बोधचिन्हं, वर्तमानपत्रांचे मथळे असं काहीतरी नीटनेटकं रंगवून ठेवायचा, आणि बास्किया येऊन त्यावर चेहरे, शब्द, फराटे ओढून त्याची शिस्त मोडायचा. मग वॉरहॉल पुन्हा. सप्टेंबर 1985मध्ये टोनी शाफ्राझीच्या गॅलरीत अशी सोळा चित्रं लागली. जाहिरातीच्या फलकावर दोघांनी हातात बॉक्सिंगचे मोजे घालून फोटो काढला होता. ठोसा मात्र बाहेरून आला. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षणाने बास्कियाला वॉरहॉलच्या हातातलं शोभेचं बाहुलं ठरवलं आणि दोघांची मैत्री आटली. तेव्हा फोटो काढताना मोजे घालाच, पण समीक्षकाच्या बाजूला तोंड करून उभे राहा. त्याला दोन चित्रकार दिले की तो एकाला मोठा करतो आणि दुसऱ्याला 'सोबत' म्हणतो. सोबतवाला कोण, हे वाचून कळेपर्यंत दोघांनाही वाटत असतं की तो दुसरा.

उद्घाटनाच्या दिवशी विकल्या गेलेल्या चित्राच्या लेबलावर लाल टिकली लावतात. त्याच्या भिंतीवर पहिली टिकली लागली की तोंडभर हसून अभिनंदन करा, आणि दुसऱ्या टिकलीला 'सजावटीला बरी पडतात तुझी चित्रं' एवढं सहज म्हणा. तुमच्या बाजूला टिकली लागली तर तो म्हणेल, 'मेहनत दिसते.' चित्रकाराला देता येईल असा याहून मोठा अपमान मला माहीत नाही.

हे सगळं पार पडलं की शेवटच्या संध्याकाळी दाराजवळची अभिप्रायाची वही उघडा. 'अप्रतिम', 'छान', 'पार्किंगची गैरसोय' हे ओलांडून पुढे जा. आमच्या वहीत सुवाच्य अक्षरात एक अख्खं पान भरलेलं होतं. कोणी एक रसिक दोन तास थांबले होते, दोन्ही भिंती फिरले होते, आणि त्यांनी लिहिलं होतं, की चित्रकाराचे दोन्ही कालखंड आवडले, एवढा मोठा बदल घडवायला एकट्या माणसाला किती धैर्य लागलं असेल.

दोघांनी ते पान तीनदा वाचलं. मग वास्तववाद्याने हळूच विचारलं, "यातला आधीचा कालखंड कोणता?"

वही मी घरी घेऊन आलो.