दारी हत्ती, माहूत मुंबईत

आधी अभिनंदन. परवापर्यंत तुमची धाव एक बऱ्यापैकी सेकंडहँड हॅचबॅक घेण्यापर्यंतच होती, आणि आज तुम्ही मोबाइलवर एका लाल, बसक्या, बारा वर्षं जुन्या इटालियन गाडीचे फोटो घरच्यांपासून लपवून बघता आहात. जाहिरातीत लिहिलंय, ‘डॉक्टरांची गाडी, फर्स्ट ओनर, रनिंग फक्त ११,०००, शोरूम कंडिशन.’ किंमत नवीच्या तिसऱ्या हिश्शाला. तुम्ही मनात हिशेब मांडलाय की एवढ्या पैशांत नुसती एक मोठी एसयूव्ही येते, आणि इथे चक्क सुपरकार मिळते आहे.

हिशेब बरोबर आहे. गाडीची किंमत उतरतेच. फक्त ती उतरल्याचं तिच्या सुट्या भागांना कुणी कळवत नाही. साडेतीन कोटींची गाडी सव्वा कोटीला विकली गेली, तरी आतला क्लच स्वतःला साडेतीन कोटींच्याच घरातला समजतो. जमिनी कुळांच्या नावावर गेल्यावरही चहा चांदीच्या कपातूनच घेणारे भाटकार, म्हणजे जमीनदार, आपण गोव्यात पाहिले आहेत. तसाच हा क्लच. पण ही बारीकसारीक चौकशी आहे, तिच्यात तुम्ही पडू नका.

मी पडलो नव्हतो. चार वर्षांपूर्वी मीही अशी एक घरी आणली. तिचं नाव मी घेत नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तशातलाच प्रकार, अर्धा आदर आणि अर्धी धास्ती. फारच आग्रह असेल तर उखाण्यात घेतो:

म्हार्दोळच्या जायांची माळली वेणी,
अमुकरावांच्या क्लचपायी झाली नवी देणी.

असो. पहिला सल्ला असा की घेण्याआधी तपासणी करून घेऊ नका. तपासणी करणारा माणूस फार कोत्या मनाचा असतो. सगळे लाल रंगाकडे बघत असताना हा गाडी लिफ्टवर चढवून खालून टॉर्च मारतो. इंजिनातला दाब टिकतो की गळतो ते बघायला कॉम्प्रेशन टेस्ट करतो, लीक-डाउन टेस्ट करतो, लॅपटॉप जोडून क्लच किती टक्के झिजलाय तो आकडा वाचून दाखवतो. वर सर्व्हिसची बिलं मागतो, तीही सगळ्या वर्षांची. अहो, स्थळ बघायला गेल्यावर नवऱ्या मुलाचा ईसीजी मागतात का? पत्रिका जुळली, पोहे झाले, की सुपारी फोडावी.

टायरकडेही निरखून बघू नका. बाजूच्या भिंतीवर एका लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. ३२१४ असेल तर टायर २०१४ सालच्या ३२व्या आठवड्यातला. माझ्या गाडीच्या टायरची नक्षी नवीकोरी होती, ती बघून मी खूश झालो. नख रुतवून पाहिलं तर सुक्या खोबऱ्याच्या वाटीसारखं टणक लागलं. चारही बदलावे लागले. रबर रनिंग विचारत नाही, वय विचारतं.

रनिंगवरून आठवलं. ‘फक्त ११,०००’ वाचून तुमच्या तोंडाला पाणी सुटलंय ना? सुटू द्या. भजनाची पेटी दहा वर्षं माळ्यावर ठेवून बघा. वाजवली नाही म्हणून ती नवी राहत नाही, भाता गळायला लागतो आणि पट्ट्या दाबल्या की खालीच राहतात. उभ्या गाडीचंही तेच होतं. तेलाची सीलं सुकतात, बॅटरी बसते, ब्रेकचं तेल हवेतली ओल पीत राहतं. बारा वर्षांत ११,००० म्हणजे महिन्याला सरासरी ७६ किलोमीटर. डॉक्टरसाहेब एवढी हौसेची गाडी महिन्याला ७६ किलोमीटर का चालवत असावेत, आणि नेमकी मोठी सर्व्हिस तोंडावर आल्यावरच का विकत असावेत, असे प्रश्न मनात आणू नका. डॉक्टर माणूस, वेळ मिळत नसेल.

मोठी सर्व्हिस म्हणजे काय, ते मात्र ऐकून ठेवा, पुढे पार्टीत सांगायला होतं. १९९४ ते १९९९ या काळात फेरारीची एफ३५५ निघत असे. बघणाऱ्याचा जीव जावा इतकी देखणी. इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल सांभाळणारा तिचा टायमिंग बेल्ट दर काही वर्षांनी बदलावा लागतो, गाडी चालली असो वा नसो, आणि तो बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. हे बिघाडाचं काम नव्हे, हे नेहमीचं काम. घरातला बल्ब बदलायला छप्पर उतरवण्यासारखं. टाळलं आणि बेल्ट तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडते, आणि मग पुढच्या बिलात इंजिन उतरवण्याची मजुरी ही सगळ्यांत लहान रक्कम ठरते. नंतरच्या ३६० मोडेनात सीटमागचं झाकण काढून बेल्टपर्यंत हात पोचतो, आणि त्याच्याही नंतरच्या एफ४३० मध्ये बेल्टच्या जागी साखळी आली. म्हणजे जितकी जुनी आणि स्वस्त घ्याल तितकी ती सर्व्हिसला महाग, हे साधं गणित त्या कारखान्याने तीन मॉडेलांत समजावून दिलंय.

३६० मोडेना म्हटलं की आपल्या लोकांना एकच गाडी आठवते. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्यावर सचिनला मिळालेली ती लाल. तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून केवढा गदारोळ झाला होता! पुढे २०११ च्या सुमारास ती गाडी सुरतच्या एका उद्योजकाकडे गेली. का विकली ते सचिन जाणे. पण तुमच्याआमच्यापेक्षा चेंडू लवकर ओळखणारा माणूस, एवढंच मी म्हणेन.

तुम्ही म्हणाल, इटालियन नको, जर्मन घेतो, शिस्तीची जात. घ्या की. १९९७ ते २००५ च्या आसपासच्या अनेक पोर्शे बॉक्स्टर आणि ९११ गाड्यांच्या इंजिनात मधल्या शाफ्टच्या टोकाला तळहातात मावेल एवढं एक बेअरिंग असतं. बहुतेकांत ते काही घोळ करत नाही. ज्यात करतं त्यात जाताना इंजिन बरोबर घेऊन जातं. शिस्त म्हणाल तर हीच.

आता गोव्याकडे येऊ, कारण या सगळ्याला आपल्या भूमीचा म्हणून एक खास मसाला लागतो. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, समुद्राची खारी हवा आणि तांबडी माती. त्या काळातल्या बऱ्याच इटालियन गाड्यांच्या आतल्या बटणांवर मऊ रबरी लेप दिलेला असे. उकाड्यात आणि दमट हवेत तो वितळतो. मे महिन्यात मी एसीचं बटण दाबलं आणि बोट परत यायलाच तयार नाही. फणस कापल्यावर हात जसे होतात, हुबेहूब तसे झाले. खोबरेल तेल लावून बोट सोडवलं. बटणावर माझ्या अंगठ्याचा ठसा अजून आहे, जमिनीच्या कागदांवरही इतका स्पष्ट उमटला नव्हता.

पेट्रोलची काळजी सोडून द्या. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचंच मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्याच्यासाठी बनलेल्या नसतात. जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्ये उभी, टाकी अर्धी, हवा ओली. टाकीत काय चाललंय ते नारळीपौर्णिमेच्या सुमारास कळेल. बॅटरीला चार्जर लावून ठेवायचा असतो. पावसात वीज गेली की तो बंद पडतो, आणि पावसात वीज जातेच. वायरिंगचं उंदीर बघून घेतात, त्याची वेगळी तरतूद नको.

आणि पणजीच्या पावसात तिला बाहेर काढायची हौस आलीच, तर अठरा जून रस्त्यावर न्या. नावातच जून आहे, तुंबलेलं पाणी आपोआप मिळेल. इंजिनाने पाणी ओढलं की साधी विमा पॉलिसी हात वर करते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम लागतं, आणि जुन्या गाडीला ते द्यायचं की नाही हे विमावाला तुमचं तोंड बघून ठरवतो.

गतिरोधकांची चौकशी मी इंजिनिअर मित्राकडे केली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, छान घडीव. आपल्या गाडीचं पोटही जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटरवर, म्हणजे कागदावर सगळं जमतं. पण आमच्या वाड्यावरचा गतिरोधक लोकांनी रात्रीत घातला तेव्हा तो नियम कुणाच्या खिशात नव्हता. त्यावरून मी गाडी तिरकी करून, एकेक चाक घालत, बाळंतिणीला जिना उतरवावा तशी नेतो. मागे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत थांबतो. चारशे-साडेचारशे अश्वशक्ती पुढे आणि पाव मागे. एकदा तो वैतागून बाजूने निघून गेला, घरी पोचलो तर पाव माझ्या आधी पोचले होते.

एकदाच मी तिला दिवाडीला नेली. ओहोटीची वेळ. फेरीबोटीची फळी धक्क्यावर टेकलेली, उतार बघूनच पोटात गोळा आला. पण मागे सहा स्कूटर, एक टेम्पो आणि मासळीची टोपली घेतलेली एक बाय, सगळे बघतायत. नाक वर उचलणारं बटण दाबलं. नाक चार सेंटिमीटर उचललं गेलं. उतार त्याहून जास्त उचललेला होता. सुक्या नारळाची झावळी ओढत नेल्यासारखा आवाज झाला आणि पुढची कार्बन फायबरची पट्टी फळीवरच राहिली. टेम्पोवाल्याने ती उचलून आणून दिली आणि विचारलं, “पात्रांव, हें तुमचें?” बाय म्हणाली, “दी म्हाका, टोपलेर धांपणें जातलें.” टोपलीच्या झाकणाला तिला दिली असती तर बरं झालं असतं. मुंबईला चौकशी केली तेव्हा नव्या पट्टीची किंमत ऐकून मी आधी त्यांना विचारलं, हे डाव्या-उजव्या मिळून ना? ती एकच असते.

मुंबईला, कारण असल्या गाडीच्या नाडीला हात लावणारा इथे मला अजून कुणी भेटलेला नाही. आमचा गॅरेजवाला हुशार आहे, त्याने बॉनेट उघडलं, तिथे इंजिनाऐवजी बॅगा ठेवायची जागा बघितली, बॉनेट बंद केलं आणि हात जोडले. मग सुमारे ६०० किलोमीटरचा प्रवास. गाडी चालवत नाही, फ्लॅटबेडवर आडवी घालून. २०११ पासून रुंद होत असलेल्या महामार्गावरून ती झोपून जाते आणि मी ट्रकच्या मागे माझ्या जुन्या मारुतीतून, वरातीतल्या कलवऱ्यासारखा. चार वर्षांत ती स्वतःच्या चाकांवर जितकी फिरली त्याच्यापेक्षा दुसऱ्याच्या चाकांवर जास्त फिरली आहे.

कागदपत्रांत मात्र दिलासा आहे. परराज्यातली गाडी, म्हणून एनओसी, मग इथला रोड टॅक्स पुन्हा, मग जुन्या राज्याकडून परताव्याची वाट, हे धरूनच चला. पण १५ वर्षं झाली की नोंदणीच्या नूतनीकरणाला साध्या मोटारीला ५,००० आणि आयात केलेल्या मोटारीला ४०,००० रुपये, असा दर २०२२ मध्ये लागू झाला. हा आकडा बघून माझे डोळे भरून आले. ४०,०००! त्या गाडीच्या नावाने इतकं स्वस्त काही मी कधी भरलेलंच नव्हतं.

तर वर्षाला किती बाजूला ठेवायचे, असं तुम्ही विचारणार. विचारू नका. आणि विचारायचंच असेल तर तुम्ही दिलेल्या किमतीवर टक्केवारी काढू नका, ती गाडी नवी होती तेव्हाच्या किमतीवर काढा, आणि किलोमीटर न धरता वर्षं धरा. बेल्ट, टायर, तेलं, बॅटरी, विमा, सगळे कॅलेंडर बघून पैसे मागतात. मी हा हिशेब एकदा केला होता, भिंतीवरच्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर. सौ.ने तो महिना उलटूच दिला नाही.

यंदा दसऱ्याला गाडी धुतली. झेंडूची, म्हणजे आमच्या भाषेत रोजांची, माळ घातली. पुढे नारळ ठेवला, तो गाडीच्या नाकापेक्षा उंच दिसत होता. चारी चाकांखाली लिंबं ठेवली, कुंकू लावलं, शेजारची मुलं टाळ्या वाजवायला उभी राहिली. मी आत बसलो, किल्ली फिरवली. टिक. पुन्हा फिरवली. टिक. मुलं थोडा वेळ थांबली आणि सोनं वाटायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सौ.ने चारही अख्खी लिंबं काढून, धुऊन, त्यांचं सरबत केलं. एक ग्लास मला दिला आणि म्हणाली, “चाळीस रुपये वाचले बघा गाडीमुळे.”