मामा, तुम्ही फक्त बसा

आमच्या भाच्याच्या स्टार्टअपचं लाँच छत्रपती संभाजीनगरला, एका उद्योग परिषदेत होतं. स्टार्टअपचं नाव सांगत नाही, कारण तुम्ही हे वाचेपर्यंत ते बदललेलं असेल. "मामा, काही करायचं नाही, तुम्ही फक्त स्टॉलवर बसा," असं तो म्हणाला आणि मी लातूरहून एसटी धरली. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई करत करत एसटीनं हाडं खिळखिळी केली. खरे हाल पुढंच होते.

स्टॉलवर माझ्यासाठी धोतर आणि फेटा काढून ठेवला होता.

"कामून रे?"

"मामा, शेतकरी दिसायला पाहिजे ना!"

सातबारा माझ्या नावावर आहे, पण धोतर मी जन्मात नेसलेलो नाही. वडीलसुद्धा पायजम्यात शेती करून गेले. शेवटी पॅन्टवर फेटा असा तह झाला. फेटा भाड्याचा होता. कुणाच्या तरी वरातीचं अत्तर अजून त्यात दरवळत होतं.

यंत्र सोयाबीनची ओल मोजणारं. विषय खोटा नाही. सरकारी खरेदीत ओल १२ टक्क्यांच्या आत लागते. २०२४ च्या हंगामात ओरड झाली तेव्हा १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतली. त्या साली हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल, आणि आडतीवर तेवढा कुणाच्या हाती पडत नव्हता. आडत्या पोत्यात हात घालतो, दाणे चोळतो, आभाळाकडं बघतो आणि म्हणतो, "ओल हाय." झालं, भाव तिथंच खाली. ओल मोजायची यंत्रं बाजार समितीतही असतात म्हणा. भाच्याचं यंत्र आकडा मोबाइलवर दाखवतं, एवढाच फरक.

"पण मोबाइलवरचा आकडा आडत्या मानंल का?" मी विचारलं.

"ते फेज टूमध्ये, मामा."

अवघड ते सगळं फेज टूमध्ये असतं, हे मला संध्याकाळपर्यंत पाठ झालं.

सगळ्या मांडवात फेटेवाला मी एकटाच. त्यामुळं ड्रोनवाले, उपग्रहातून पीक बघणारे, गायीच्या गळ्यात पट्टा बांधून तिची तब्येत कळवणारे, सगळे माझ्यावरच लाँच झाले. नंबर द्या, ॲप घ्या, ओटीपी सांगा. पत्र्याच्या त्या मांडवात रेंज नव्हती. बाहेर चहाला गेलो तेव्हा सगळे ओटीपी एकदम कोसळले. कोणता गायीचा आणि कोणता उपग्रहाचा, काही पत्ता लागेना. एक पोरगी म्हणाली, "काका, आमच्या ॲपवर पाऊस आधीच कळेल." मी म्हटलं, "बाई, २०१९ साली याच शहरातून विमानं उडवून ढगांवर फवारणी केली होती. ढगांनी तरी कुठं मनावर घेतलं?" तिनं ते ऐकून घेतलं आणि परत नंबर मागितला.

येणारे-जाणारे बहुतेक वाळूज आणि शेंद्र्याचे कारखानदार. त्यांना सोयाबीनशी काय घेणं? ते यंत्र उलटं करून बघायचे आणि विचारायचे, "ही बॉडी कुठून करून घेतली? आम्ही याच्यापेक्षा स्वस्तात देऊ." दिवसभरात कामाची बोलणी झाली ती एवढीच.

दुपारी भाच्याला मंचावर तीन मिनिटं मिळाली. मी शेजारी, हातात घरच्या सोयाबीनची वाटी. समोर मुंबईहून आलेले गुंतवणूकदार, अंगात जाकीट. भाच्यानं यंत्र वाटीत खुपसलं आणि पडद्यावर गोल फिरायला लागलं. ते फिरत राहिलं. भाचा घामाघूम. पोरगं बहिणीचं, बघवेना. मी एक दाणा दाताखाली धरला. कट्कन आवाज आला.

"अकरा-साडेअकरा," मी माइकजवळ बोलून गेलो.

थोड्या वेळानं रेंज आली. पडद्यावर ११.३.

टाळ्या पडल्या. जाकीटवाले पुढं वाकले. "हे तुम्ही कसं केलं?"

"दातानं."

"इंटरनेट लागत नाही?"

"नाही."

"चार्जिंग?"

"सकाळची भाकरी."

"असं किती लोकांना येतं?"

"आमच्या अख्ख्या गावाला येतंय की."

त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि भाच्याला बाजूला ठेवून मलाच विचारलं, "मग याला मशीन कशाला पाहिजे?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात भाच्यानं माझ्या हातातली वाटी काढून घेतली.

"मामा," तो दात-ओठ खात कुजबुजला, "आता तोंड उघडू नका."