ठमीच्या दोन गाठी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'सोळा वर्षांच्या म्हाताऱ्या जिवाला सुया कसल्या टोचता? आमच्याकडे हळदीनं सगळं बरं व्हायचं. आणि एक गाठ फोडलीत, दुसरी तशीच ठेवलीत, हा कुठला न्याय?' असं तुम्ही माझ्या मांजरीबद्दल, ठमीबद्दल, विचारलंय. सूर रागाचा आहे, पण राग मांजरीच्या कणवेपोटी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गाठ शेपटीच्या बुडाशी होती. लिंबाएवढी, हाताला गरम, दाबलं की बोट रुतायचं. डॉक्टरांनी केस भादरले तेव्हा खाली दोन टिंबं दिसली, बोक्याच्या दोन सुळ्यांची. सुळा बारीक असतो. वरचं भोक दोन दिवसांत मिटतं आणि त्याच्या तोंडातले जंतू आत कोंडतात. तिथं हळदीचा लेप म्हणजे वरून आणखी एक झाकण. पुवाला बाहेर यायला वाट हवी, ती करून दिली, इतकंच. नंतर घरी अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट चमचाभर मीठ घालून धूत होते. पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होणारं ते जंतुनाशक मात्र चुकूनही नको. मांजरीच्या यकृताला ती रसायनं पचत नाहीत, आणि ती तर जखम चाटणारच. पॅरासिटामॉलचंही तेच, अर्धी गोळी जिवावर बेतू शकते.

दुसरी गाठ मानेवर, मटारएवढी, टणक. सुई टोचली ती हिलाच. रक्त काढतात तेवढीच बारीक सुई, गुंगीसुद्धा द्यावी लागली नाही. पेशी तपासल्यावर ती बेसल सेलची, म्हणजे कातडीच्या तळच्या थरातल्या पेशींची निघाली. मांजरांत ही बहुतेकदा निरुपद्रवी असते. त्यात ठमीचं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडं थकलेली आणि भूल देण्यात जोखीम. म्हणून ठेवली. हीच गाठ सडाजवळ असती तर जोखीम पत्करून काढायला लावली असती, कारण मांजरींच्या सडातल्या दहापैकी आठ-नऊ गाठी कर्करोगाच्या निघतात. निरुपद्रवी काय नि कर्करोगाची काय, हाताला अशा गाठी सारख्याच लागतात हो, फरक सुईलाच कळतो.

तुमचं एक मात्र मान्य. नुसतं ड्रेसिंग बदलायला मी तिला तिसऱ्यांदा दवाखान्यात नेलं, ते नको होतं. पिंजऱ्यात घातल्यापासून ती जी ओरडत होती, ते रिक्षावाल्यालाही ऐकवेना. ते काम घरी जमलं असतं, माझाच धीर होत नव्हता.

हळद वाईट नाही. आमच्याकडेही कापलं-खरचटलं की तीच. पण आपण जखम चाटत बसत नाही.

दर एक तारखेला मानेवरच्या गाठीला मोजपट्टी लावते. आज 7 मिलिमीटर, गेल्या महिन्याएवढीच. मोजून होईस्तोवर ठमीनं माझं मनगट धरलंच. सुळे अजून शाबूत आहेत.