सातवीपर्यंतची भाषा

मातृभाषेतून शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे जपान, जर्मनी आणि फ्रान्स यांची उदाहरणे हमखास दिली जातात. ती खोटी नाहीत, पण त्यांचा आपल्याला फारसा उपयोग होईल असे मला आता वाटत नाही. ज्या देशांत उद्योग, विद्यापीठे आणि शासन हे सगळे कित्येक पिढ्या एकाच भाषेत चालत आले, तिथल्या मुलाला भाषा बदलण्याचा प्रश्नच पडला नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. परक्या सत्तेने आणलेली भाषा वरच्या जागी बसलेली असताना आपली भाषा खालून वर कशी न्यायची, तेही हाताशी पैसा कमी आणि मुले भरपूर असताना, हा तो प्रश्न होय. तो सोडवू पाहणारा एक देश मी गेली अकरा वर्षे जवळून पाहते आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही टांझानियात, दार-एस-सलामला आलो आणि तेव्हापासून इथेच आहोत. संध्याकाळी आमच्या ओसरीवर आसपासची सात-आठ मुले गणित शिकायला येतात, आणि मला जे म्हणायचे आहे ते बरेचसे त्यांच्याकडून शिकले आहे.

२०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा निर्णय काढला. त्यावर वादळ उठले, जूनमध्ये शब्द थोडे सौम्य करून पाहिले गेले आणि अखेर २९ जूनला सरकारने ते निर्णय मागे घेतले. इतक्या दुरून मी त्या दिवसांतली सगळी भाषणे ऐकली, सगळे लेख वाचले. सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचे ओझे घालू नये हे म्हणणे मला पूर्ण पटते आणि निर्णय मागे घेतला गेला याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र विजय साजरा झाला आणि चर्चा तिथेच थांबली, याचे वाईट वाटले. पहिलीत कोणती भाषा येऊ नये हे ठरले. आठवीत, अकरावीत आणि त्यापुढे मराठी कुठवर जाणार, हे कोणी विचारलेच नाही. त्याआधी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता, आणि २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झालाच होता. मान मिळाला, सक्तीही झाली. या दोन्ही गोष्टी टांझानियाने आपल्यापेक्षा किती तरी आधी आणि किती तरी जोराने करून पाहिल्या आहेत.

या देशात १२० हून अधिक भाषा बोलल्या जातात. स्वाहिली ही मुळात किनाऱ्यावरची आणि झांझिबारची भाषा. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ती आत गेली, जर्मनांनी आपल्या कारभारासाठी ती वापरली आणि स्वातंत्र्याच्या चळवळीने तिला घरोघर नेले. शाळेला स्वाहिलीत आजही जर्मनांचाच शब्द आहे, ‘शुले’. १९६१ च्या स्वातंत्र्यानंतर ज्युलियस न्येरेरे यांच्या सरकारने ती राष्ट्रभाषा केली आणि १९६७ पासून संपूर्ण प्राथमिक शिक्षण, म्हणजे पहिली ते सातवी, स्वाहिलीतून सुरू झाले. न्येरेरे स्वतः शाळामास्तर होते; लोक त्यांना अजूनही ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, एवढेच म्हणतात. झाडाखाली, गोदामात, जिथे जागा मिळेल तिथे प्रौढांचे वर्ग भरले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात प्रौढांपैकी जेमतेम एक तृतीयांश लोक साक्षर होते. सरकारी आकड्यांनुसार १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास गेले. इतक्या गरीब देशाने हे केले, आणि ते परक्या भाषेतून कधीच झाले नसते.

त्याचे फळ आजही रस्त्यावर दिसते. संसद स्वाहिलीत बोलते, आणि मासळीबाजारातली बाई त्याच भाषेत मंत्र्यावर टीका करते. २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करून न्यायालयांची भाषाही स्वाहिली करण्यात आली. इथल्या बायका जे खांगा नेसतात, त्या कापडाच्या काठाशी स्वाहिलीत एक ओळ छापलेली असते, कधी म्हण, कधी शेजारणीला मारलेला टोमणा, आणि दुकानात बाई आधी ती ओळ वाचते, मग रंग पाहते. पहिल्या वर्षी मला या भाषेने फार आधार दिला, कारण ती शिकताना अरबी-फारसीतून आपल्याकडे आलेले शब्द पावलोपावली भेटत गेले: वाकिली म्हणजे वकील, तारेहे म्हणजे तारीख, साबुनी म्हणजे साबण, हिसाबाती म्हणजे गणित. लाखाला ते ‘लाकी’ म्हणतात आणि गोणीला ‘गुनिया’.

इतके सगळे असूनही सातवी संपली की स्वाहिली संपते. आठवीला इथे फॉर्म वन म्हणतात, आणि त्या दिवसापासून स्वाहिलीचा तास सोडून भूगोल, जीवशास्त्र, गणित, सगळे इंग्रजीत. सुरुवातीला काही आठवडे इंग्रजीचा उजळणीवर्ग घेतात आणि मग पुस्तक हातात देतात.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी एक मुलगा पहिल्या दिवशी वही घेऊन बसला होता. अक्षर मोत्यासारखे. प्रश्न इंग्रजीत उतरवून घेतलेला: एका व्यापाऱ्याने तांदळाची १२ पोती अमुक किमतीला घेतली आणि १५ टक्के नफ्याने विकली, तर विक्रीची किंमत काढा. खाली उत्तराची जागा कोरी. त्याने संख्या तेवढ्या हेरल्या होत्या आणि बाराला पंधराने गुणून पाहिले होते, कारण काहीतरी करायला हवे होते. मी तोच प्रश्न त्याला स्वाहिलीत वाचून दाखवला. गुनिया, फाइदा, आसिलिमिया. माझी स्वाहिली शुद्ध नाही, तरी वाक्य पुरे होण्याआधीच त्याने पेन्सिल उचलली. नफ्याला स्वाहिलीत ‘फाइदा’ म्हणतात, आपला फायदाच तो. या मुलाची आई पहाटे चारला उठून मांदाझी तळते आणि बसथांब्यावर विकते. पीठ, तेल, साखर आणि कोळसा यांचा खर्च वजा जाता आज फाइदा किती झाला, हा हिशेब शाळेत जाण्यापूर्वी तोच करतो. नफा-तोटा या मुलाला येत नाही असा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकावर होता.

वर्गात काय होते तेही मुले सांगतात. चांगले शिक्षक दार लोटून घेऊन स्वाहिलीत समजावतात आणि मग फळ्यावर इंग्रजीत लिहून देतात. मुले ते पाठ करतात, कारण परीक्षेत स्वाहिलीत लिहिलेल्या उत्तराला गुण नाहीत. कित्येक शाळांच्या आवारात फक्त इंग्रजीतच बोला अशी पाटी असते, आणि स्वाहिलीत बोलताना सापडलेल्या मुलाला शिक्षा होते. ज्या मुलाने पाचवीत हात वर करून प्रश्न विचारले, तो आठवीत गप्प होतो. २०१२ च्या फॉर्म फोरच्या परीक्षेत, म्हणजे इथल्या अकरावीच्या सार्वत्रिक परीक्षेत, सुमारे ६० टक्के मुले नापास झाली तेव्हा देश हादरला आणि सरकारला चौकशी नेमावी लागली. शिक्षक कमी होते, वर्ग भरगच्च होते, पुस्तके पोचली नव्हती, ही कारणे खरीच आहेत. पण प्रश्नच न कळलेल्या मुलाला शिक्षक आणि पुस्तके देऊनही किती उपयोग होणार?

हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. १९८२ मध्येच अध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने माध्यमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने स्वाहिलीत आणण्याची शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली नाही. स्वाहिलीसाठी आयुष्य वेचलेल्या न्येरेरे यांनीही त्या सुमारास इंग्रजी ही जगाची स्वाहिली आहे असे म्हणून तिची बाजू घेतली. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या धोरणाने पुन्हा स्वाहिलीसाठी वाट मोकळी केली, अंमल झाला नाही. २०१६ पासून सरकारी माध्यमिक शाळांची फी रद्द झाली, ही फार मोठी गोष्ट घडली, आणि त्या उघड्या दारातून गरिबांची मुले आत आली तेव्हा आतली भिंत जिथल्या तिथे होती.

मधल्या काळात ज्यांना शक्य होते त्यांनी आपला मार्ग काढला. १९९० च्या दशकात धोरण सैल होताच खासगी इंग्रजी प्राथमिक शाळा वाढल्या. लोक त्यांना स्वाहिलीत बोलतानाही ‘इंग्लिश मीडियम’ असेच म्हणतात, आणि सरकारी स्वाहिली शाळेला हलके लेखून ‘कायुंबा’. अधिकारी, प्राध्यापक, अगदी स्वाहिलीवर भाषणे देणारे पुढारीही आपली मुले पहिलीपासून इंग्रजीत घालतात, कारण पुढे आठवीत काय वाढून ठेवले आहे ते त्यांना ठाऊक असते. या आईबापांना दोष देणे मला जमत नाही. माझी स्वतःची मुलगी इथल्या इंग्रजी शाळेतच जाते. पण भाषेचे शिखर ज्यांनी बांधायचे तेच लोक तिच्या शाळेतून निघून गेले, की त्या शाळेसाठी भांडणारे कोणी उरत नाही, आणि मग ती शाळा फक्त गरिबांची होते. हे वाक्य मी टांझानियाबद्दल लिहिले, पण लिहिताना डोळ्यांसमोर साताऱ्यातली जिल्हा परिषदेची शाळा होती.

माझे गाव वाईपासून काही मैलांवर आहे. ज्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, जिथे विज्ञानाच्या प्रत्येक शाखेवर मराठीत नोंदी लिहिल्या गेल्या, तिथून इतक्या जवळ दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेली मी अकरावीला शास्त्र शाखेत गेले आणि पहिले तीन महिने वर्गात तोंड उघडले नाही. प्रकाशसंश्लेषण मला येत होते, त्याचे इंग्रजी नाव कानावर पडले तेव्हा हा काही नवा धडा आहे असे वाटले. घरी येऊन रडले हे मला आजही आठवते, आणि त्याहून जास्त आठवतात त्या माझ्या दोन वर्गमैत्रिणी, माझ्याइतक्याच हुशार, ज्यांनी दिवाळीनंतर शाखा बदलली. आमची भिंत अकरावीत होती, या मुलांची आठवीत आहे. आता आपल्याकडे सेमी-इंग्रजीच्या नावाखाली गणित आणि विज्ञान खालच्या वर्गांतच इंग्रजीत नेले जाते. भिंतीला भिऊन ती आणखी अलीकडे आणायची, असा हा उपाय आहे, आणि ती जितकी अलीकडे येते तितकी ओलांडणारे मूल लहान असते.

इंग्रजी नको असे मी म्हणत नाही, हे इथे स्पष्ट लिहायला हवे. या ओसरीवर येणाऱ्या प्रत्येक मुलाला चांगली इंग्रजी यावी यासाठी मी जीव तोडून शिकवते. इंग्रजी हा विषय उत्तम शिकवणे आणि सगळे विषय मोडक्या इंग्रजीत शिकवणे, या दोन गोष्टी आपण एकच समजतो, आणि त्यात मुलाला ना इंग्रजी येते ना भूगोल. माझी मागणी साधी आहे: अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र मराठीतून शिकायचे असेल त्याला पुस्तक, शिक्षक आणि प्रश्नपत्रिका मिळावी, आणि प्रत्येक महत्त्वाची संज्ञा दोन्ही भाषांत शेजारी शेजारी छापलेली असावी. परिभाषा कोश तयार आहेत, विश्वकोश तयार आहे. त्यांचा वर्गाशी संबंध जोडायचा राहिला आहे.

टांझानियाकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, आणि ती आपल्याला ऐकायला बरी वाटणार नाही. स्वाहिलीच्या या सगळ्या यशात सुकुमा, हाया, चागा, मासाई अशा भाषांना शाळेत जागाच मिळाली नाही. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या खेड्यात सुकुमा बोलणारे मूल पहिलीत जाते तेव्हा स्वाहिलीही त्याला नवीच असते. म्हणजे त्याला दोन भिंती ओलांडायच्या असतात. मेळघाटातल्या कोरकू मुलाची, नंदुरबारच्या भिली बोलणाऱ्या मुलीची, रायगडमधल्या कातकरी मुलांची अवस्था अशीच आहे, आणि त्यांच्यासाठी ती परकी भाषा म्हणजे आपली प्रमाण मराठी. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली तेव्हा तिला बळ देण्याऐवजी अनधिकृत ठरवण्यात आले. पहिलीतल्या मुलावर परकी भाषा लादू नका, हे आपण मुंबईत जितक्या तळमळीने म्हटले, तितक्याच तळमळीने ते धडगावातही म्हणायला हवे. ते म्हटले नाही तर आपले म्हणणे तत्त्वाचे होते की फक्त आपल्या भाषेपुरते होते, असा प्रश्न त्या मुलांनी आपल्याला विचारला, तर मला उत्तर देता येणार नाही.

मांदाझी विकणाऱ्या बाईंची धाकटी मुलगी यंदा सातवीत आहे. सप्टेंबरमध्ये तिची परीक्षा होईल आणि जानेवारीत ती फॉर्म वनमध्ये जाईल. परवा भाऊ गणित सोडवत असताना ती आमच्या जास्वंदीचे पान तोडून घेऊन आली आणि त्यावर बोट ठेवून मला ‘उसानिसिनुरू’ म्हणजे काय ते समजावून सांगू लागली: ऊन कुठून येते, पाणी मुळांतून कसे चढते, हवा कुठून आत शिरते, साखर कुठे तयार होते. नुरू म्हणजे प्रकाश, आपला नूरच. एकही पायरी चुकली नाही. मग तिने विचारले की याला इंग्रजीत काय म्हणतात. मी सांगितले. तिने तो शब्द वहीच्या मागच्या पानावर तीनदा लिहून काढला, आणि अर्थ लिहायला जागा सोडली.